सुट्टीत समुद्रावर अर्ध्या दिवसाची फिशिंग ट्रिप: 'मासे मिळतील का?' याआधी काय विचारायचं?

मालवण, तारकर्ली, देवबाग. दिवाळीची सुट्टी लागली की या गावांतल्या घरगुती निवासांमध्ये एक चौकशी हमखास होते. "काका, गळाने मासे पकडायला नेणारं कोणी आहे का?" कोणीतरी असतंच. फोन होतो, सकाळी सहाची वेळ ठरते आणि चार-पाच जणांचा गट पहाटेच्या अंधारात होडीजवळ येऊन उभा राहतो.

स्कूबा डायव्हिंग आणि डॉल्फिन दर्शनासोबत ही 'हाफ-डे फिशिंग ट्रिप' आता कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी रुळली आहे. पर्यटकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासे मिळतील का? खरं तर तो शेवटी विचारला तरी चालतो. ट्रिप चांगली होणार की नाही, सुखरूप होणार की नाही, हे माशांच्या आधी तीन गोष्टींवर ठरतं: वारा, भरती-ओहोटी आणि होडी चालवणाऱ्याचा निर्णय. या तिन्ही गोष्टी समजून घेतल्या, तर होडीत बसण्याआधी नेमकं काय विचारायचं तेही कळतं.

या ट्रिपमध्ये नेमकं काय होतं?

साधारण चार ते पाच तासांचा कार्यक्रम असतो. आउटबोर्ड इंजिन लावलेली फायबरची होडी, ती चालवणारा तांडेल, मदतीला एखादा खलाशी आणि चार ते सहा पर्यटक. किनाऱ्यापासून फार लांब जायचं नसतं. तळाशी खडक असलेल्या जागा तांडेलाला माहीत असतात. तिथे नांगर टाकून किंवा होडी वाहती ठेवून गळ सोडले जातात.

गट छोटाच का? याची दोन कारणं आहेत. पहिलं, आठ-दहा जणांनी एकाच वेळी गळ सोडले की पाण्याखाली दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कोणाला मासा लागला की सगळे उठून त्याच बाजूला धावतात. छोट्या होडीचा तोल अशाच वेळी बिघडतो. मासा कितीही मोठा असो, बाकीच्यांनी जागेवर बसून राहायचं, हा होडीतला पहिला नियम आहे.

पहाटेच का निघायचं?

शाळेच्या भूगोलात 'मतलई वारे' आणि 'खारे वारे' शिकवले जातात. फिशिंग ट्रिपचं वेळापत्रक त्यावरच बेतलेलं असतं.

रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते. त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा वाहतो. हा मतलई वारा. किनाऱ्याजवळचं पाणी या वेळी बऱ्याचदा शांत असतं. ऊन चढलं की जमीन तापते आणि वारा उलट फिरतो. समुद्राकडून येणारा हा खारा वारा दुपारी जोर धरतो आणि लाटा उंच होऊ लागतात.

म्हणून सहाला निघून अकराच्या आत परतणारी ट्रिप आणि अकराला निघून चारला परतणारी ट्रिप यांत मोठा फरक पडतो. तास तेवढेच असतात, पण समुद्र वेगळा असतो. लहान मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर सकाळचीच वेळ घ्यावी. गट उशिरा पोहोचला म्हणून 'तासभर पुढे ढकलू' असं सहज सांगितलं जातं, पण तो तास ट्रिपच्या शेवटी, वारा वाढलेल्या समुद्रात मोजावा लागतो.

भरती-ओहोटीचा काय संबंध?

देवबाग ही कर्ली खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. खाडीच्या बाजूने निघालेल्या होडीला समुद्रात जाण्यासाठी खाडीचं मुख ओलांडावं लागतं. अशा मुखांजवळ वाळू साचून पाणी उथळ झालेलं असतं. ओहोटीच्या वेळी खाडीतलं पाणी वेगाने बाहेर पडतं आणि समोरून समुद्राची लाट आत येत असते. या दोन्ही पाण्यांची गाठ उथळ जागी पडली की लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. आत खाडीत आणि बाहेर समुद्रात पाणी शांत असलं, तरी मधला हा तुकडा धोक्याचा असू शकतो.

तांडेल 'साडेदहाच्या आत परत फिरायचं' म्हणतो, त्यामागे अनेकदा हेच गणित असतं. मासे नुकते लागायला लागलेले असताना परत फिरणं पर्यटकांना जिवावर येतं. 'अजून अर्धा तास थांबू, पैसे जास्त देतो' हा आग्रह अशा वेळी करू नये. तो अर्धा तास विकत घेण्याजोगा नसतो.

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत किनाऱ्यावर अजून वापरात आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला साधारण जुळतो. दक्षिणेला सिंधुदुर्गात भरती त्याच्या थोडी आधी येते. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल सकाळी आठला सुरक्षित असलेलं मुख चार दिवसांनी त्याच वेळी तसंच असेल असं नाही. नेमक्या वेळेसाठी भरतीचं छापील किंवा ऑनलाइन कोष्टक पाहावं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाण्याचा चढ-उतार आणि प्रवाह दोन्ही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी मंद असतं. गळासाठी मधले दिवस बरे, असा अनेक मच्छीमारांचा अनुभव आहे. प्रवाह फार असला की शिसं तळाला टिकत नाही आणि पाणी अगदीच थांबलं की मासा आमिषाकडे फिरकत नाही.

गळ टाकतात कसा?

बहुतेक ट्रिपमध्ये हातदोरी दिली जाते. तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, तिच्या टोकाला शिशाचं वजन आणि एक-दोन गळ. आमिष म्हणून कोळंबी, माकूल किंवा बांगड्याचा तुकडा. काही जण रॉड आणि रीलही देतात.

दोरी सोडायची, शिसं तळाला टेकल्याचं बोटाला जाणवलं की हातभर वर घ्यायची आणि थांबायचं. आधी बारीक टिचक्या जाणवतात. तो मासा आमिष चाखत असतो. मग ओढ लागते. तेव्हा एक छोटा झटका देऊन दोरी सलग वर घ्यायची. मध्ये सैल सोडली तर मासा सुटतो.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. तंगूस हाताला किंवा बोटाला गुंडाळायचा नाही. मोठ्या माशाने ओढ घेतली किंवा गळ खडकात अडकून होडी पुढे सरकली, तर दोरी थेट मांसात रुतते.

दुसरी पद्धत ट्रोलिंगची. होडी संथ चालवत मागे कृत्रिम आमिष ओढत न्यायचं. सुरमईसारख्या, म्हणजे मालवणी इसवणीसारख्या, वेगाने पोहून शिकार करणाऱ्या माशांसाठी ती वापरतात. त्यात इंधन जास्त जातं, त्यामुळे दरही वाढतो.

कोणते मासे लागतात?

खडकाळ तळावर तांबोशी, गोबरा किंवा राणी मासा लागू शकतो. वरच्या पाण्यात बांगडा आणि नशीब जोरावर असेल तर सुरमई. अर्ध्या दिवसात चार-पाच जणांच्या गटाला एका जेवणापुरते मासे मिळाले तर ट्रिप उत्तम झाली असं समजावं. रिकाम्या हाताने परतणंही नवीन नाही. 'मासे मिळण्याची हमी' देणाऱ्या जाहिरातीकडे म्हणूनच सावधपणे पाहावं.

गळाला काय लागलं हे ओळखू आल्याशिवाय मासा हातात धरायचा नाही. शिंगाळ्याच्या परांमध्ये विषारी काटे असतात आणि पाकटाच्या शेपटीवरही. काटा लागलाच तर जखम धुऊन सहन होईल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, त्याने वेदना कमी होतात. मग डॉक्टरकडे जावं, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. अंग फुगवणारा केंड मासा आला तर सरळ परत सोडावा. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

बर्फाचा डबा आहे का, हेही विचारायला हवं. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे उन्हात पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, अंगावर पित्त उठणं, डोकं दुखणं, उलट्या असा त्रास होतो. हिस्टामिन उष्णतेने नष्ट होत नाही. त्यामुळे सकाळी पकडलेला 'ताजा' बांगडा चार तास होडीत तापलेला असेल, तर तिरफळ घालून केलेलं झणझणीत तिखलंही त्याला वाचवू शकत नाही.

पकडलेला प्रत्येक मासा ठेवता येतो का?

नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्याजोगा किमान आकार ठरवून दिला. सुरमईसाठी तो ३७० मिलिमीटर आहे, बांगड्यासाठी १४० आणि पापलेटसाठी १३५. मासा किमान एकदा अंडी घालण्याइतका मोठा व्हावा, हा त्यामागचा विचार. शाळेची पट्टी ३० सेंटिमीटरची असते. सुरमई तिच्याएवढीच भरली, तर ती अजून पिल्लूच आहे.

छोटा मासा सोडायचा तर हात आधी समुद्राच्या पाण्यात ओले करावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघतो. कल्ल्यांमध्ये बोटं घालू नयेत, गळ हळू काढावा आणि फोटोसाठी त्याला तिष्ठत ठेवू नये.

समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कासव गळात अडकलंच तर ते ओढून वर घेण्याऐवजी तांडेलाला सोडवू द्यावं. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा घरी नेणं हाही गुन्हाच आहे.

मालवणमध्ये आणखी एक मर्यादा आहे. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. अभयारण्याच्या निर्बंधांवरून स्थानिक मच्छीमार आणि प्रशासन यांच्यात जुना वाद आहे. पर्यटकाने त्यात एवढंच लक्षात ठेवावं की 'किल्ल्याला लागूनच गळ टाकू' असा हट्ट धरायचा नाही.

होडी कोणती, हे कसं ओळखायचं?

मासेमारीची होडी आणि प्रवासी होडी या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभाग देतो. पर्यटकांना बसवून नेण्यासाठी मात्र महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी आणि तपासणी लागते आणि त्यात होडीत किती माणसं बसवायची हे ठरवून दिलेलं असतं. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे आहे. त्यामुळे 'मच्छीमाराची होडी आहे, समुद्राची सवय आहे' हे परवान्याच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

हा प्रश्न कागदापुरता नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, त्यात १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेहून जाणाऱ्या प्रवाशांना लाईफ जॅकेट घालणं सक्तीचं करण्यात आलं. दोन्ही अपघात मासेमारीचे नव्हते आणि कारणंही वेगळी होती. पण संकट आलं तेव्हा जॅकेट शोधायला, बक्कल लावायला वेळ मिळत नाही, हे दोन्हींना लागू होतं.

म्हणून जॅकेट होडीत 'असून' उपयोग नाही, ते अंगावर हवं. पट्टे आवळलेले हवेत. मुलांसाठी मुलांच्याच मापाचं हवं, कारण मोठ्याचं जॅकेट मूल पाण्यात पडताच डोक्यावरून निघू शकतं. पोहता येणाऱ्यांनीही ते काढू नये.

बोट लागली तर?

चालत्या होडीपेक्षा नांगरलेली होडी जास्त डुलते, त्यामुळे अनेकांना त्रास गळ टाकल्यावर सुरू होतो. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला 'आपण हलतोय' असं कळवते, तर होडीच्या तळाकडे किंवा मोबाइलकडे लागलेले डोळे 'सगळं स्थिर आहे' असं सांगतात. या विसंगतीतून मळमळ होते.

उपाय साधे आहेत. नजर क्षितिजावर ठेवायची, होडीच्या मधोमध बसायचं, इंजिनाच्या धुरापासून लांब राहायचं. पोट रिकामं नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलंही नको. आदल्या रात्री जागरण आणि मद्यपान टाळावं. आलेपाकाची वडी काहींना आराम देते. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. प्रवासी आणि पर्यटन होड्या तर साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद ठेवल्या जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव हंगाम सुरू करतात, पण पाणी पर्यटकांसाठी निवळायला त्यानंतरही काही आठवडे जातात. मेच्या शेवटच्या आठवड्यात 'आज शेवटची ट्रिप' म्हणून घाईने निघणं टाळलेलं बरं.

हिवाळ्यातही आदल्या संध्याकाळी हवामान पाहावं. भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी वेगळा इशारा देतो, तर हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था लाटांची उंची आणि वाऱ्याचा अंदाज देते. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, तर विषय तिथेच संपतो. फोनमध्ये दोन क्रमांक जतन करून ठेवावेत: तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

पैसे नेमके कशाचे?

दर माणशी आहे की होडीचा, हे आधी स्पष्ट करून घ्यावं. गळ, आमिष, बर्फ त्यात धरले आहेत का? मासे कोणाचे? बनवून देण्याचे पैसे वेगळे का? होडीचा दर ठरलेला असेल तर चौघांनी वाटून घेणं परवडतं. दर माणशी असेल, तर जास्त माणसं भरण्याचा मोह तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पैसे परत मिळण्याचा. हवा बिघडली आणि तांडेलाने पहाटे ट्रिप रद्द केली, तर आगाऊ रक्कम परत मिळणार की दुसऱ्या दिवशीची वेळ? हे आदल्या दिवशीच ठरलेलं असेल, तर पहाटे पाचला तांडेलावर कसलंही दडपण राहत नाही. नसेल, तर एकीकडे त्याची बुडणारी मजुरी आणि दुसरीकडे पुण्या-मुंबईहून आलेल्या गटाची नाराजी, या दोन्हींचं ओझं घेऊन त्याला समुद्राकडे पाहावं लागतं.

या किनाऱ्यावर पर्यटनाकडे वळलेली अनेक कुटुंबं पारंपरिक मच्छीमारांची आहेत. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे आपल्या वाट्याचा मासा घटला, अशी त्यांची तक्रार जुनी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी संघर्ष मिटलेला नाही. अशा घरासाठी रद्द झालेली एक ट्रिपही मोठी असते. तरीही जो माणूस पाण्याकडे बघून 'आज नको' म्हणतो, त्याचाच नंबर जपून ठेवावा. पुढच्या सुट्टीत जायचं ते त्याच्याच होडीतून.